मी वाचले आहे

एकेचाळिसावा पॅच हेमलताबाई सबनिसांनी वाचला नाही. आधीचे चाळीस वाचले होते, नंतरचे बावीसही वाचले. मधला एक तेवढा त्यांनी न उघडता पुढे ढकलला आणि त्याच्याखाली, कायद्याने ठरवून दिलेल्या जागी, कायद्याने ठरवून दिलेले वाक्य लिहिले: ‘मी वाचले आहे.’ एकोणीस वर्षांत त्यांनी खोटे लिहिले ते एवढेच. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्या आजारी नव्हत्या, त्यांना घाई नव्हती. घाई असायला कोणीतरी वाट पाहणारे लागते.

पॅच म्हणजे कोडमध्ये करायची दुरुस्ती. हा किरकोळ होता. मथळा होता: ‘न वापरलेले मूल्य वाचणारी ओळ काढली, वर्तनात बदल नाही.’ कोडमधली एक ओळ उपकरणाकडून एक आकडा वाचून आणत होती आणि तो आकडा पुढे कोणीच वापरत नव्हते. असली ओळ ठेवणे हे गबाळेपणाचे लक्षण आहे, असे त्या प्रकल्पाच्या शैली-नियमांतला चौदावा नियम सांगत होता. चौदावा नियम हेमलताबाईंनीच लिहिला होता.

हा कोड ज्या ड्रायव्हरचा होता, त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. संगणकाला उपकरणाची भाषा येत नाही आणि उपकरणाला संगणकाची पर्वा नसते. दोघांमध्ये बसून जो निमूटपणे हुकूम पोचवतो तो ड्रायव्हर. येथे उपकरण होते श्रुतिपट्ट. ज्यांची ऐकण्याची नसच निकामी झाली आहे, त्यांच्या कानाशी नगारा वाजवूनही उपयोग नसतो. म्हणून जिथे ती नस एरवी पोचली असती, त्या मेंदूच्या बुंध्यावरच शस्त्रक्रियेने नखाएवढा एक पट्ट बसवतात. त्याला चौसष्ट टोके असतात. कानामागच्या डबीतला संगणक आवाजाचे पदर सुटे करतो आणि कोणत्या टोकाने कोणत्या क्षणी विजेची टिचकी मारायची, ते पट्टाला कळवतो. मेंदू त्या टिचक्यांना हळूहळू आवाज म्हणू लागतो.

पट्ट बनवणारी कंपनी एका सकाळी संकेतस्थळावर चार ओळींचे निवेदन ठेवून बंद झाली. कंपनी गेली, पट्ट अकरा हजार माणसांच्या डोक्यांत राहिले. जाताना तिने ड्रायव्हरचा कोड जगाला खुला केला. हे औदार्य होते असे निवेदनात म्हटले होते. जगभरातल्या त्रेचाळीस माणसांनी तो फुकट सांभाळायला घेतला. ती ईमेलवर चालणाऱ्या एका मेलिंग लिस्टवर जमत. कोणी पॅच पाठवी, बाकीचे तो ओळीओळीने वाचून फाडत. महिरपी कंस ओळीच्या शेवटी टाकायचा की नव्या ओळीवर, यावर तिथे माणसांनी एकमेकांशी दोन-दोन वर्षे अबोला धरला होता. हेमलताबाईंची डॉक्टरेट जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांवर होती. ज्या संस्थेत त्या पोथ्या वाचत, तिथे आता उपाहारगृह होते. लिस्टवर आल्या तेव्हा त्यांना वाटले, आपल्या जातीची माणसे अखेर भेटली.

मग सिद्धक आला. सिद्धक हे यंत्र कोडच्या दोन आवृत्त्या घेई आणि त्या नेमके एकच काम करतात की नाही, हे गणिताने सिद्ध करून सांगे. चाचणी म्हणजे शंभर वेळा पूल ओलांडून पाहणे. सिद्धता म्हणजे तो पडूच शकत नाही हे कागदावर दाखवणे. माणसांचे वाचन त्यापुढे चाचणीहूनही हलके ठरले. पॅच लिहिणारी यंत्रे तर आधीच आली होती. आता एक यंत्र लिहू लागले आणि दुसरे तपासू लागले. या सुबक व्यवस्थेत एकच उणीव उरली: काही विपरीत घडलेच तर यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही, हे विधिज्ञांच्या लक्षात आले. म्हणून कायदा झाला की शरीरात बसवलेल्या उपकरणाच्या प्रत्येक पॅचखाली एका नोंदणीकृत माणसाने ‘मी वाचले आहे’ असे लिहावे. वाचण्यासाठी माणूस हवा होता असे नव्हे. दोष ठेवायला एक मान हवी होती.

त्रेचाळीसांतली बेचाळीस माणसे निघून गेली. काहींना कंटाळा आला, काहींना नोकऱ्या लागल्या, दोघे वारले. हेमलताबाई राहिल्या आणि खरोखरच वाचत राहिल्या. बेळगावच्या टिळकवाडीतल्या तीन खोल्यांत रोज सकाळी नऊ ते एक. सुरुवातीला त्या जुन्या सवयीने आक्षेप घेत: या चलाचे नाव फसवे आहे, ही कमेंट, वाचणाऱ्यासाठी सोडलेली टीप, काय केले ते सांगते, का केले ते सांगत नाही. चार सेकंदांत उत्तर येई: ‘आपली सूचना अत्यंत मोलाची आहे. बदल केला आहे.’ एकदा त्यांनी मुद्दाम चुकीची सूचना केली. तीही अत्यंत मोलाची निघाली. त्यानंतर त्यांनी आक्षेप घेणे सोडले. वाचणे मात्र सोडले नव्हते, त्या सकाळपर्यंत.

आठ आठवड्यांनी, बंद केलेल्या तक्रारींच्या ढिगात, त्यांना एक मराठी तक्रार दिसली. बंद तक्रारी वाचण्याचे बंधन कोणावर नव्हते. वाचणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

‘तंबोऱ्याच्या जवारीत फरक पडला आहे,’ असे तिच्यात होते. ‘गेल्या महिन्याच्या अठरा तारखेपासून. आधी सूर रेशमाचा धागा ओढल्यासारखा निघायचा, आता पिंजलेल्या कापसासारखा निघतो. बोलणे स्वच्छ ऐकू येते. माणसांबद्दल तक्रार नाही. दस्तगीर शिकलगार, तंतुवाद्ये, मिरज.’

खाली शेरा होता: ‘वापरकर्त्याचे वाक्-आकलन अठ्ठ्याण्णव टक्के. दोष आढळत नाही. प्रकरण बंद.’

अठरा तारीख. त्या तारखेला डब्यांमध्ये नवी आवृत्ती उतरली होती; त्रेसष्ट पॅचची. हेमलताबाईंनी मिरजेच्या गाडीची वेळ पाहिली.

दुकान रस्त्यालगतच होते. दारात भोपळे वाळत घातले होते, आत लाखेचा वास होता. दस्तगीर साठीचे, हाडकुळे. मांडीवर तंबोऱ्याची घोडी घेऊन बसलेले. दोन्ही बाजूंच्या नसांवरच्या गाठी काढताना त्यांचे ऐकणे बावीस वर्षांपूर्वी गेले होते. पट्ट बसवल्यावर जवारी पुन्हा ओळखायला त्यांना तीन वर्षे लागली होती.

‘बसा की. ऑफिसातनं आलाय का?’ त्यांच्या पत्नीने, रजियाबींनी, विचारले.

‘ऑफिस नाही. मी एकटीच असते.’

‘एकटीच? अकरा हजार माणसांची डोकी बघायला?’

‘अगं, बांग द्यायला तरी किती माणसं लागतात?’ दस्तगीर म्हणाले.

‘बांग ऐकून चार माणसं येतात तरी. यांच्या मागं कोण आहे?’

हेमलताबाईंनी विषय बदलला. जवारी म्हणजे नेमके काय, ते दाखवाल का? दस्तगीरांचा चेहरा उजळला. त्यांनी घोडीच्या पाठीवरून बोट फिरवले. तार या पाठीवर नुसती टेकत नाही, ती कंप पावताना पाठीला हलकी घासते. त्या घासण्यातून सुराच्या पोटातले वरचे सूर एकामागून एक उलगडतात. पाठ कानशीने केसभर कमी-जास्त घासली की सूर मिटतो किंवा पसरतो. तारेखाली सुताचा धागा सरकवून शेवटची जागा शोधायची. हे माप कुठल्या पट्टीवर नसते. कान म्हणेल तिथे थांबायचे.

‘आणि कानच खोटं बोलाय लागला तर?’ ते म्हणाले.

त्यांनी दोन तंबोरे समोर घेतले. एक दोन वर्षांपूर्वीचा, एक परवा जवारी काढलेला. दोन्ही छेडले.

‘तुम्हांला काय वाटतं, मॅडम?’

‘मला गाण्यातलं काही कळत नाही.’

‘मग बरंय. खोटं बोलणार नाही तुम्ही.’

हेमलताबाईंनी मान खाली घातली. पहिल्या तंबोऱ्याच्या आवाजाने खोली भरल्यासारखी वाटली होती. दुसऱ्याचा आवाज जाडाभरडा आणि आखूड होता. तो भिंतीपर्यंत पोचतच नव्हता.

‘आता ऐका,’ दस्तगीर म्हणाले. ‘तीन आठवड्यांपूर्वी, तक्रार लिहिली तेव्हा, मला प्रत्येक तंबोरा पिंजलेला वाटत होता. आता हा जुना बेसूर वाटतोय, आणि हा परवाचा गोड लागतोय.’

‘आणि मला तो परवाचा ऐकवत नाही,’ रजियाबी म्हणाल्या. ‘तीस वर्षं या आवाजात झोपले, उठले. धारवाडचं गिऱ्हाईक तर परत करून गेलं. हे म्हणतात, त्याचा कान खराब आहे.’

‘म्हणालो. चुकलो. डबीत सुधारणा झाली नाही, मॅडम. मी बिघडत चाललोय. डॉक्टर म्हणाले, मेंदू बारा आठवड्यांत नवा आवाज पक्का करतो. मग मागं जात नाही.’

डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. मेंदूला खरे ऐकायचे नसते, सातत्याने ऐकायचे असते. टिचक्यांचा क्रम एकदा चुकला आणि चुकतच राहिला, तर तो त्या चुकीलाच शुद्ध समजू लागतो आणि त्यानंतर शुद्ध आले तर ते अशुद्ध म्हणून नाकारतो. बारा आठवडे झाल्यावर दस्तगीरांना काहीच खुपणार नव्हते. ते समाधानाने कानस चालवत राहतील आणि त्यांच्या हातून निघणारे प्रत्येक वाद्य मेलेले असेल. तक्रारीचे कारण शिल्लक राहील, तक्रार करणारा कान राहणार नाही.

‘सहा झाले,’ दस्तगीर म्हणाले. ‘सहा उरले. होईल?’

‘होईल,’ हेमलताबाई म्हणाल्या.

बेळगावला परतल्यावर त्यांनी फळीवरून जुना चाचणीचा पट्ट काढला, त्याला मापक जोडला आणि अठरा तारखेच्या आधीचा व नंतरचा, असे दोन्ही ड्रायव्हर चालवून पाहिले. नंतरच्यात खालच्या टोकांच्या टिचक्या अधूनमधून सेकंदाच्या काही लाखांश भागांनी मागे पडत होत्या. बोलणे समजायला एवढ्याने काही होत नाही. जवारी समजायला एवढेच लागते. मग त्यांनी त्रेसष्ट पॅच एकेक करून उलटे फिरवले. एकेचाळिसावा फिरवल्यावर टिचक्या जागेवर आल्या.

कारण एका तासात सापडले, आणि ते इतके साधे होते की त्यांना स्वतःचा राग येण्याऐवजी एक प्रकारची थंडी वाजली. संगणकाने लिहिलेले हुकूम पट्टातला चिप लगेच अमलात आणत नाही, रांगेत उभे करतो. मात्र त्याला काहीही विचारले की उत्तर देण्यापूर्वी रांग रिकामी करावी लागते. त्या ओळीने वाचून आणलेला आकडा निरुपयोगीच होता. परंतु वाचणे निरुपयोगी नव्हते. विचारले जात होते म्हणून चिप काम उरकत होता. विचारणे थांबले आणि तो सवडीने करू लागला.

मग सिद्धकाने चूक कशी केली? त्याने चूक केलीच नव्हती. कोड ज्या चिपशी बोलतो तो चिप सिद्धकाला कंपनीच्या मॅन्युअलवरून ठाऊक होता, आणि मॅन्युअलमध्ये या वाचनाविषयी लिहिले होते: ‘परिणाम नाही.’ त्या वाक्यावर उभी केलेली सिद्धता निर्दोष होती. फक्त ती दुसऱ्याच एका चिपविषयी होती, जो मॅन्युअलमध्ये राहतो आणि कोणाच्या डोक्यात बसवलेला नाही.

हेमलताबाईंनी त्या ओळीचा इतिहास उघडला. ती मुळात कंपनीच्या कोणा अनाम अभियंत्याची होती आणि तिच्यावर एक कमेंट होती: ‘ही ओळ काढू नये. काढल्यास बिघडते. का, ते ठाऊक नाही.’ कमेंट बारा वर्षांपूर्वी काढण्यात आली होती. काढा म्हणून आग्रह कोणी धरला होता, हे पाहण्याची गरज नव्हती; त्यांना आठवले. ‘कमेंट कारण सांगते, नाहीतर ती कमेंट नव्हे,’ असे त्यांनी लिहिले होते. निरंजन लोटलीकर म्हणून त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान एक मुलगा तेव्हा लिस्टवर होता. त्याने उत्तर दिले होते: ‘अज्ञानाची नोंद हीसुद्धा नोंदच असते.’ नऊ दिवस, चौऱ्याहत्तर पत्रे. हेमलताबाई जिंकल्या.

आणि याच बाईने उभी हयात हेच शिकवण्यात घालवली होती की पोथीला मूर्ख लेखनिकापासून भय नसते, शहाण्यापासून असते! मूर्ख लेखनिक न कळलेला शब्द जसाच्या तसा उतरवतो. शहाणा तो सुधारतो, आणि मूळ शब्द कायमचा जातो. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी प्रामाणिकपणे लिहीत की जसे दिसले तसे उतरवले, दोष माझा नाही. त्या अनाम अभियंत्याने तेच लिहिले होते, आणि त्याचे ते वाक्य त्यांनी शैलीच्या कारणावरून खोडायला लावले होते.

त्यांनी ओळ परत घालणारा पॅच पाठवला. चार सेकंदांत निर्णय आला: ‘प्रस्तावित ओळीचा वर्तनावर परिणाम नाही. शैली-नियम चौदाचा भंग. नामंजूर.’ त्यांनी मापकाचे आलेख जोडले. ‘मोजमाप मॅन्युअलशी विसंगत. मापक तपासून घ्यावा.’ त्यांनी दस्तगीरांचे म्हणणे लिहिले, रजियाबींचे लिहिले, धारवाडच्या गिऱ्हाइकाचेही लिहिले. ‘व्यक्तिनिष्ठ.’

असे आणखी पाच दिवस गेले. सातव्या आठवड्यात त्यांनी निरंजनला फोन केला. तो आता प्रत्यारोपण-नोंदणी कार्यालयात उपसंचालक होता.

‘हेमाताई! मला वाटलं, तुम्ही आता फक्त स्वल्पविरामांशी बोलता.’

‘स्वल्पविराम उत्तर देतात. तू देत नाहीस.’

‘मी अधिकारी झालोय. अधिकारी उत्तर देत नाहीत, पोच देतात.’

त्यांनी सगळे सांगितले. ‘ठाऊक नाही’वाल्या कमेंटपाशी आल्यावर तो हसला, पण फार नाही.

‘नऊ दिवस भांडलो होतो आपण. मला त्या आठवड्यात ताप होता. तापात टाइप करत होतो.’

‘तू बरोबर होतास.’

‘हे बारा वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर मी लग्न पुढे ढकलून लिस्टवर राहिलो असतो.’ मग त्याचा आवाज कामाचा झाला. ‘एक सोपी वाट आहे. तो आकडा वापरा. लॉगमध्ये, यंत्राच्या नोंदवहीत, लिहून टाका. सिद्धकाला परिणाम दिसेल, तो मंजूर करेल.’

‘कशासाठी लिहायचा?’

‘निदानासाठी म्हणा. काहीही म्हणा. कोण वाचतंय?’

तो घाईने पुढे म्हणाला, ‘अडचण एकच. लॉग म्हणजे नवी सुविधा. नव्या सुविधेला आठ महिन्यांची निरीक्षण-मुदत.’

‘त्याच्याकडे पाच आठवडे आहेत.’

‘एका माणसासाठी, ताई...’

‘अकरा हजार आहेत. बाकीच्यांनी तंबोरा लावून पाहिला नाही, म्हणून त्यांना आपलं काय गेलं ते कळलेलं नाही. निरंजन, नववं कलम अजून आहे ना?’

‘ते करू नका.’

‘मी नुसतं विचारलं.’

‘तुम्ही नुसतं विचारत नाही. न वाचता सही केली असं सही करणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं, तर पॅच त्याच दिवशी मागे घेतला जातो, सगळ्या डब्यांमधून. सिद्धकाला विचारत नाहीत. पण सही करणाऱ्याची नोंदणी कायमची जाते. आजवर एकानेही ते वापरलेलं नाही. का वापरेल? आणि तुम्ही गेलात की या ड्रायव्हरला माणूसच उरत नाही. माणूस नाही तर पॅच नाही. तो आहे तसा गोठेल. उद्या दुसरं काही निघालं तर कोणी हातही लावू शकणार नाही.’

‘म्हणून तर फोन केला. तू परत ये. तुझी नोंदणी अजून चालू आहे, मी पाहिलं. एक माणूस पुरतो.’

‘सही मी करेन,’ तो म्हणाला. ‘आनंदाने करेन. पण वाचणार नाही, हेमाताई. खोटं कशाला सांगू? मी चार वर्षांत एक पान सलग वाचलेलं नाही. आता जमत नाही. चालेल?’

तो थट्टा करत नव्हता. त्यांना त्याचा राग आला नाही. ज्याच्यावर रागवावे असा माणूस त्या आवाजाच्या मागे उरलाच नव्हता. त्याने नऊ दिवस तापात बसून एका न कळलेल्या ओळीची बाजू लढवली होती, आणि आता त्याच प्रांजळपणे तो न वाचता सही करायला तयार होता.

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘नाही चालणार.’

‘मग तुम्ही काय करणार? दिवसभर?’

त्यांनी त्याच्या मुलीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

दुपारी त्या निवेदन लिहायला बसल्या. नमुन्यात कारणासाठी तीन ओळींची जागा होती. त्यांनी पहिला मसुदा खोडला, कारण त्यात त्यांनी स्वतःला फार दोष दिला होता. दुसरा खोडला, कारण त्यात व्यवस्थेला दिला होता. तिसरा ठेवला: ‘एकेचाळिसावा पॅच मी वाचला नव्हता. वाचला असता तरी मंजूर केला असता. ज्या कमेंटने मला अडवले असते, ती मीच काढायला लावली होती. ओळ परत घालावी. तिचे कारण आता ठाऊक आहे व सोबत जोडले आहे.’ त्यांनी तो पुन्हा पाहिला. पहिल्या वाक्यानंतर ‘तथापि’ हवे होते का, याचा विचार करण्यात त्यांची वीस मिनिटे गेली. ‘तथापि’ने अर्थात काही भर पडत नव्हती, एक सावरासावर तेवढी होत होती. नको असे ठरले. या प्रश्नावर लिस्टवर पूर्वी किमान चार दिवस गेले असते.

त्यांनी निवेदन पाठवले. संध्याकाळी पाचपर्यंत पॅच अकरा हजार डब्यांमधून मागे घेतला गेला. पाच वाजून दोन मिनिटांनी लिस्टचे पान उघडले, तर तिथे त्यांचे नाव नव्हते आणि ड्रायव्हरपुढे ‘स्थायी’ असा हिरवा शब्द आला होता. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्या सवयीने मेजाशी बसल्या. एकपर्यंत बसल्या. पडद्यावर काहीही आले नाही. पूर्वी येत होते तेही कोणी पाठवलेले नसे, हे खरे. तरीपण ते येत असे.

बाराव्या दिवशी दस्तगीरांचा फोन आला.

‘मॅडम, आलं! पहिले चार-पाच दिवस डोकं उठलं होतं. सगळं कर्कश. हिनं सांगितलं, थांबा. काल सकाळी जुना तंबोरा छेडला आणि...’ त्यांनी वाक्य सोडून दिले. ‘परवाचे तीन परत काढायला घेतलेत. धारवाडच्या माणसाला फोन केला. म्हटलं, कान तुझा चांगला आहे बाबा, शिवी मागं घेतली.’

‘ऐकून बरं वाटलं.’

‘एक बारीक गोष्ट आहे. म्हणजे ही आधीपासूनचीच. वरच्या पंचमावर तार जोरात छेडली की शेवटी एक टिकटिक येते. अगदी बारीक. लिहून पाठवू का?’

हेमलताबाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले. टिकटिक खरी असावी. ती कोडच्या कोणत्या भागातून येत असेल, याचा अंदाजही त्यांना आला. बहुधा दोन ओळींचे काम होते.

‘ते आता बदलता येणार नाही,’ त्या म्हणाल्या.

‘मग केव्हा?’

‘केव्हाच नाही. मला आता तो अधिकार नाही. कोणालाच नाही.’

‘मग सांगायचं कुणाला?’

‘कुणाला नाही.’

दस्तगीरांनी कारण विचारले नाही. कारागीर माणूस, हत्यार मोडले की ते कसे मोडले यापेक्षा आता काय करायचे, हे त्याला आधी सुचते.

‘बरं. मग पंचमाची घोडीच जरा वेगळी घासतो. टिकटिक येणार नाही अशी.’

‘नका!’ हेमलताबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की त्यांना स्वतःलाच तो आवाज परका वाटला. ‘तुमच्या कानाला बरं वाटावं म्हणून वाद्य बदलू नका. रजियाबींना ऐकवा. त्या म्हणतील तिथे थांबा.’

‘हिचं ऐकू?’ दस्तगीर हसले. ‘ऐकलंस का गं? मॅडम म्हणतात, आता पंचम तू लावायचा.’

‘मग? तीस वर्षं कोण लावतंय?’ मागून आवाज आला. ‘आण इकडं. हा उतरलाय.’

‘कुठं उतरलाय? धागा सरकलाय नुसता.’

‘धागा सरकला की सूर उतरतो, हे काय मी शिकवायचं तुम्हांला?’

‘हात काढ. हात काढ तारेवरनं. आता ऐक.’

‘ऐकलं. उतरलाय.’

‘चढलाय!’

फोन बंद करायचे तिकडे राहून गेले होते. तार छेडली जाई, कानस दोन हात फिरे, पुन्हा छेडली जाई. ती दोघे एका केसाच्या रुंदीवरून कडाकडा भांडत होती. कोणीही कोणाची सूचना मोलाची मानत नव्हते. हेमलताबाईंनी फोन मेजावर ठेवला, त्याचा आवाज वाढवला आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. अर्ध्या-पाऊण तासाने तिकडे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि फोन कटला.